आराम आहे का?

बाबा कधीच घोरत नसत. घोरणं हे आईचं खातं, आणि त्यावरून त्यांनी तिला आयुष्यभर छळलं. त्यामुळे त्या दुपारी आमच्या बेसा वस्तीतल्या घरात त्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला, तेव्हा आईला कोण आनंद! "आता स्वतःच घोरून राहिले," म्हणत तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

कॅन्सर हाडांत उतरल्यापासून बाबांची झोप उडाली होती. दुखण्यावर डॉक्टरांनी मेथाडोन हे अफूच्या जातीचं औषध सुरू केलं होतं. पहिले काही दिवस गुण दिसेना, म्हणून आईने त्या दिवशी सकाळी स्वतःची झोपेची गोळीही त्यांना देऊन टाकली. मला न सांगता.

आईने पडदा ओढला, तेवढ्यात रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "बाबांले आराम आहे का?"

"हो, मस्त आराम आहे," आई म्हणाली.

नर्सने विचारलं दुखण्याबद्दल, आईने सांगितलं झोपेबद्दल. दोघींचं समाधान झालं.

मला मात्र प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड. मी बाबांजवळ जाऊन ऐकत बसलो. घशात घरघर, मग शांतता, इतकी लांब की मी पंधरापर्यंत आकडे मोजले. ओठ निळसर. पापणी वर करून पाहिली, तर बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. अंधाऱ्या खोलीत ती मोठी व्हायला हवी ना? हे नवल मी क्षणभर बघतच राहिलो. मग त्यांना गदागदा हलवलं. उठेनात. तेव्हा पाचावर धारण बसली, आणि त्यांना तसंच उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलमध्ये आईने सकाळच्या झोपेच्या गोळीचं सांगून टाकलं, आणि डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. तेवढ्या वेळातही माझे प्रश्न संपेनात. डॉक्टरही बिचारे सांगत होते: हे औषध अंगात फार काळ राहतं, डोसावर डोस साचतो. त्यात झोपेची गोळी पडली की श्वास मंदावत जातो.

"म्हणजे आता धोका टळला?"

"नाही. उतारा आधी उतरतो, औषध मागे उरतं. ते पुन्हा झोपेत जाऊ शकतात. इथून हलवायचं नाही."

बाबांनी डोळे उघडले. उताऱ्याने औषधाचा सगळाच अंमल पुसून टाकला होता. ते कळवळले, "काहून उठवलं गा मले? लय दुखून राहिलं!"

आईने त्यांचे पाय धरले.

"दुखू द्या," ती म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली.