हुकावरचं लाल झाकण

आमचे साडू माझ्याच लेझर प्रयोगशाळेत डायग्नोस्टिक्सचे, म्हणजे मोजमापाच्या कॅमेऱ्यांचे, प्रमुख आहेत, आणि सासरी जेवताना भात वाढणाऱ्यालाही ते हे ऐकवतात. जिना उतरायचा मात्र त्यांना भारी कंटाळा. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळ्या पोचल्या की हार यांच्या गळ्यात.

शॉटच्या, म्हणजे लेझर डागण्याच्या, आधी प्रत्येक कॅमेऱ्याचं लाल झाकण खाली चेंबरमध्ये जाऊन काढायचं आणि कंट्रोल रूममधल्या फळीवर अडकवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. सगळे हुक भरल्याशिवाय शॉट होत नाही. साडूंना हा पोरखेळ वाटतो. त्या दिवशी त्यांचाच हुक रिकामा होता. ते उठले, चहा घेऊन परतले आणि झाकण अडकवून मोकळे झाले.

लेझरची टार्गेटं बनवणाऱ्या आमच्या टार्गेटवालीने आठ महिने खपून मोहरीएवढी, एकाच शॉटमध्ये भस्म होणारी गोळी घडवली होती. लेझरने ती चारी बाजूंनी सारखी चेपली, तरच तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार होतं. आणि ते दिसणार होतं फक्त साडूंच्या क्ष-किरण कॅमेऱ्याला.

शॉट झाला. डेटा उतरवणं माझं काम. माझ्या पडद्यावर नुसता काळोख!

"गोळीच फुसकी निघाली," साडू तोंड वर करून म्हणाले. "कॅमेरा झकास आहे. बॅकग्राउंड किती स्वच्छ आलंय बघा!"

नाचता येईना, अंगण वाकडं. टार्गेटवालीने गुपचूप हातमोजे काढून टेबलावर ठेवले. मला त्या माणसाची अक्षरशः किळस आली.

चेंबर उघडायची परवानगी मिळताच मी खाली गेलो. कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण तसंच होतं, शॉटने काळवंडलेलं. फळीवर अडकवलेलं होतं ते कपाटातलं जादा झाकण.

जिन्याच्या तोंडाशी साडूंनी मला गाठलं. "अहो, आपण घरचीच माणसं. उगाच चव्हाट्यावर कशाला आणायचं?"

मी ते झाकण सरळ नेऊन संचालकांच्या टेबलावर ठेवलं. टार्गेटवालीचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. झाकणांवर नंबर पडले, आणि ती कल्पना आपलीच, असं साडू आता सासरी सांगतात.

त्या दिवशी मात्र संचालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि तिला म्हणाले, "झालं ते झालं. नवी गोळी करा."

"करीन की," ती म्हणाली. "पण ही कशी चेपली, ते मला कोण सांगणार?"

सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते.