इंगाआजींचा मोर

काल वॉर्डमध्ये आई ग्लानीत “आई, आई” म्हणून कण्हत होती. नर्सला वाटलं, ही इंग्लिशमध्ये डोळा म्हणतेय. तिने टॉर्च घेऊन आईचे डोळे तपासले.

मला एकदम मेडनहेडजवळची आमची ती जुनी, नदीकाठची वस्ती आठवली. कधीकाळी स्वीडनहून येऊन होड्या बांधणाऱ्यांनी वसवलेली, भिंतींना अजून डांबराचा वास असलेली. शेजारच्या इंगाआजी त्यांच्यातल्या शेवटच्या. त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा पुण्याहून नुकतीच आलेली आई त्यांच्या उशाशी बसायची.

“मोर, मोर,” त्या पुटपुटत होत्या.

आईने पडदा सारला. “आहे हो मोर, तो बघा झाडावर.”

इंगाआजी करड्या नदीकडे बघत राहिल्या.

त्यांच्या भाषेत मोर म्हणजे आई, हे फ्युनरलला कळलं. घरी येताना आम्ही दोघी चक्क हसलो होतो.