शेजारचा बोर्डवाला डॉक्टर

शुक्रवार, ईदनंतरचा पहिला. स्थळ: आखातातल्या अल दुहैलमधलं आमचं घर. हजर: मी, हे, लेक ईरा, सासूबाई, सासूबाईंचा उजवा गुडघा आणि पाहुणे म्हणून डॉक्टर सावंत.

सासूबाई पुढच्या शुक्रवारी चिपळूणला परत जाणार. त्याआधी गुडघा दाखवायलाच हवा होता, कारण तिकडच्या डॉक्टरांना त्या फक्त ‘बरं आहे’ एवढंच सांगतात. मी मात्र वाटेल त्या डॉक्टरकडे नेणारी बाई नव्हे. बोर्ड सर्टिफाइडच हवा, असं मी ठरवलं. (म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं. ऑफिसात सगळे म्हणतात.)

शेजारच्या व्हिलात नवे आलेले डॉक्टर सावंत पार्किंगमध्ये भेटले.

“बोर्ड झालंय ना तुमचं?”

“हो, झालंय की.”

“मग शुक्रवारी जेवायला या.”

आपल्याकडे थेट तपासा म्हणत नाहीत, आधी जेवायला घालतात. दुसऱ्या मोदकानंतर मी विषय काढला. “सासूबाईंचा गुडघा जरा बघता का?”

डॉक्टरांचा मोदक वाटेतच थांबला. “वहिनी, मी लहान मुलांचा डॉक्टर आहे.”

“पण बोर्ड?”

“ते एकेका शाखेचं असतं. लायसन्स असलं की डॉक्टरकी करता येते. बोर्ड त्याच्या वरचं. एकाच शाखेत काही वर्षं काम करायचं, मग परीक्षा. पुढेही अभ्यास चालू ठेवावा लागतो. गुडघे मलाही होते परीक्षेला, पण शाळकरी.”

“आई, यू डिडन्ट आस्क कशाचा?” ईरा म्हणाली.

“मेथीची जुडीसुद्धा उलटून बघते ती,” हे म्हणाले. मदत म्हणून नव्हे.

तेवढ्यात सासूबाईंनी पाय पुढे केला. “लहान मुलांचा ना? मग ओरडणार नाही. बघ रे.”

डॉक्टरांनी हलक्या हाताने गुडघा दाबून पाहिला, हाडांच्या डॉक्टरकडे जायला बजावलं आणि सवयीने खिशातून हसऱ्या अस्वलाचा स्टिकर काढून दिला. सासूबाईंनी तो गुडघ्यावर चिकटवला.

आता मी हाडांचा डॉक्टर शोधला आहे. लायसन्स पाहिलं, बोर्ड पाहिलं, शाखा दोनदा विचारली. सासूबाईंची अट एकच. “ओरडतो का, नि स्टिकर देतो का, तेवढं विचार. मग येते.”

तो फोन अजून राहिला आहे. रिसेप्शनवरच्या बाईला हे इंग्रजीत कसं विचारावं, याची मी आरशासमोर तालीम करते आहे.