सूर्याचा हिरवा टॅग

मी सूर्य रिजेक्ट करायचो. हसू नका, खरंच करायचो.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. मशीनवरून आलेला माल गेज लावून बघायचा आणि त्याला टॅग अडकवायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे परत काम करा, लाल म्हणजे रिजेक्ट. लाल टॅगचा नियम कडक. ज्यानं लावला त्यानंच सही करून तो काढायचा, मोठे साहेब आले तरी त्यांनी हात लावायचा नाही. त्यामुळे माझा रुबाब पगारापेक्षा बराच मोठा होता.

दुसरा नाद शॉर्टवेव्ह रेडिओचा. तळवड्याच्या घरी पहाटे उठून मी कान लावून बसायचो. परदेशातलं एक केंद्र रोज सूर्याची खबरबात द्यायचं, सूर्य किती खवळलाय ते शून्य ते नऊ अशा आकड्यात. शून्य म्हणजे गरीब गाय, नऊ म्हणजे काही खरं नाही. ही गोष्ट जगाला कळलीच पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं. जग म्हणजे आमचं कॅन्टीन.

कॅन्टीनच्या फळ्यावर, उसळ-चपातीच्या खाली, मी रोज खडूनं आकडा लिहायला लागलो. पहिल्या आठवड्यात एकानंही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी आकड्यापुढे 'वाट्या शिल्लक' असं लिहिलं, आणि त्या दिवशी उसळीसाठी भांडण झालं. आचाऱ्यानं मला झारा दाखवला.

मग एका सकाळी आकडा सहा आला आणि मला अक्कल सुचली. खिशातला लाल टॅग काढला आणि लिहिलं: 'भाग: सूर्य. दोष: खवळला आहे. उपाय: आज परदेशी स्टेशन लावू नये, बायकोशी बोलावं.' खाली सही ठोकली, टॅग फळ्याच्या खिळ्याला अडकवला.

अहो, काय गर्दी! टॅग म्हणजे काय, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळत होतं. पोरं विचारायला लागली, "राव, सूर्य खवळला तर रेडिओला काय होतं?" मी चपाती खाता खाता सांगायचो. लांबच्या स्टेशनची लहर वर आभाळातल्या एका थरावर आपटून खाली येते, भिंतीवर चेंडू मारावा तशी. सूर्यानं जोरात फुंकर मारली की भिंतच हलते, मग चेंडू कुठं जाईल ते सांगता येत नाही. एवढंच. पण एवढं कळायला मला दोन आठवड्यांचा खडू लागला होता.

पुढे त्याचा पार तमाशा झाला. प्रेस शॉपचा एक जण उशिरा आला की म्हणायचा, "काय करू भावा, सूर्य लाल होता." मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "सूर्य आपला सप्लायर आहे का?" मी म्हटलं, "सगळ्यात जुना, साहेब. आणि बिल पाठवत नाही." ते हसले, म्हणून वाचलो. आईनं मात्र घरी झापलं. "त्याला नापास करतोस व्हय रं? त्यो तुला रोज पास करतोय म्हून जगतूयास!"

हा खेळ खरा कळला तो एकाच माणसाला, आमच्या स्टोअरच्या काकांना. काळेवाडीत एकटेच राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नर्स होऊन परदेशात गेली होती. एक बोल्ट दिला तरी तारीख-वार वहीत लिहून ठेवणारा माणूस. त्यांनी वहीत माझे टॅग उतरवून घेतले आणि एक दिवस मलाच विचारलं, "लाल टॅग साधारण सत्तावीस दिवसांनी परत येतोय. असं का?" मी उडालोच. म्हटलं, "काका, सूर्य स्वतःभोवती फिरतो. त्याचा तो खवळलेला भाग तेवढ्या दिवसांनी परत आपल्यासमोर येतो." काका म्हणाले, "म्हणजे त्याचीही शिफ्ट लागते," आणि समाधानानं वही मिटली.

एका दुपारी ते पेढे घेऊन आले. मुलगी तिथल्या रेडिओच्या हिंदी कार्यक्रमात बोलणार होती. बुधवारी संध्याकाळी सातला, आणि तेच परत गुरुवारी सकाळी आठला. त्या आठवड्यात काकांची दुसरी शिफ्ट होती. बुधवारचं ऐकायचं तर पहिली घ्यायला हवी, आणि स्टोअरमध्ये बदल करायचा तर आठवडाभराचा. मग गुरुवारी सकाळी आठला ते स्टोअरमध्ये. किल्ल्या त्यांच्याकडे, ते नाहीत तर अख्खी शॉप बंद. म्हणजे दोन्हीपैकी एकच ऐकायला मिळणार होतं.

"संध्याकाळचं धरावं म्हणतो," काका म्हणाले. "चाळीतल्या सगळ्यांना बोलावता येईल. माझी वही घरी राहिली. तुम्ही सांगा, बुधवार कसा आहे?"

माझी आकड्यांची वही खिशातच होती. बुधवार लाल होता. त्याच्या सत्तावीस दिवस आधीचा लाल टॅग मीच लावला होता. पण समोर पेढे, काकांचा चेहरा असा फुललेला, आणि आजूबाजूला पोरं "सांगा ना राव" करत उभी. मला त्या क्षणी गोड व्हायचं होतं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "हिरवागार, काका."

बुधवारी पहाटे आकडा सात आला. अजूनही सांगता आलं असतं, शिफ्टसाठी कुणाच्या हातापाया पडता आलं असतं. मी खिळ्याला हिरवा टॅग अडकवला. वाटलं, होईल काहीतरी. चुकीचा माल पास करणाऱ्या प्रत्येक तपासनिसाला असंच वाटतं.

संध्याकाळी सातला तळवड्यात माझ्या रेडिओवर नुसती खरखर, शिट्ट्या, आणि मध्येच कुठल्या तरी देशाचा बँड. काळेवाडीत सगळी चाळ काकांच्या रेडिओभोवती बसून हेच ऐकत असेल.

गुरुवारी एका जोडीदाराच्या बदली मला दुसरी शिफ्ट होती. सकाळी आठला रेडिओ लावला. वादळ ओसरलं होतं. तिचा आवाज ओट्यावरच्या बाईसारखा स्वच्छ आला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

दुपारी पहिली शिफ्ट सुटायच्या आत स्टोअर गाठलं. काका नट मोजत होते. मी सगळं सांगितलं, वहीसकट. मग ती काय बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. की माझे वडील कारखान्यात स्टोअर सांभाळतात, वस्तू जागच्या जागी ठेवायला त्यांनी शिकवलं, म्हणून इथल्या वॉर्डात औषध अंधारातही माझ्या हाताला लागतं.

काकांनी ऐकून घेतलं. विचारलं, "आवाज कसा होता? सर्दी-बिर्दी तर नव्हती?"

"नाही काका. स्वच्छ होता."

"तिनं पत्रात लिहिलं होतं, मागं वॉर्डातल्या बायका टाळ्या वाजवतील. वाजवत होत्या?"

"वाजवत होत्या."

ते उठले. खणातून लाल टॅग काढला, लिहिला, आणि माझ्या शर्टाच्या खिशाला अडकवला. 'भाग: तपासनीस. दोष: खोटा हिरवा.' खाली त्यांची सही, तारीख घातलेली. पोरं आधी खो खो हसली, मग काकांकडे बघून आपापल्या मशीनकडे गेली.

पूर्ण शिफ्ट मी तो टॅग मिरवला. नंतर फळ्यावर आकडा येईल तोच रंग लावला, कुणी पेढे आणोत नाहीतर शिव्या देवोत. काका रोज जाताना फळा वाचायचे, मान हलवायचे. माझ्याशी बोलायचेही, हसायचेही. मी दोन-तीनदा टॅग पुढे केला, म्हटलं, "काका, आता काढा की."

"बघू," म्हणायचे.

रिटायर झाले त्या दिवशी सगळ्यांना लाडू वाटले, मला दोन दिले. टॅग अजून माझ्याकडे आहे. मी तो काढू शकत नाही, कारण लावला होता त्यांनी.