शेपटीतले सतरा ग्रॅम

“शिसं मी आयुष्यभर लोकांच्या वजनात भरलं, माझ्या विमानात भरणार नाही,” असं काटेमास्तर दाताच्या डॉक्टरांना म्हणाले होते, आणि डॉक्टरांनी हसून हात जोडले होते.

मास्तर म्हणून ते कुठल्या शाळेत नव्हते. बाजारातल्या दुकानांचे तराजू दुरुस्त करायचे, म्हणून काटेमास्तर. अडतीस वर्षं त्यांनी वाकलेल्या दांड्या सरळ केल्या, पारड्यांच्या साखळ्या बदलल्या, आणि झिजलेल्या लोखंडी वजनांच्या बुडाला असलेल्या भोकात शिसं ठोकून त्यांना पुन्हा खरं केलं. नुसत्या हाताळण्यानं लोखंड झिजतं, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. शिसं घालणं म्हणजे झीज कबूल करणं. नव्याकोऱ्या वस्तूत ते घालायचं म्हणजे तान्ह्या पोराच्या हातात काठी देणं.

पुढे दुकानांत आकडे दाखवणारे काटे आले आणि मास्तरांचं काम आटोपलं. त्यांनी कुरकुर केली नाही. काचेच्या पेटीतला एक नाजूक तराजू तेवढा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर एक खोका उघडला. आत जुन्या काळच्या विमानाची प्रतिकृती होती: एकावर एक दोन पंखांची, खऱ्याच्या सहाव्या हिश्श्याची, रिमोटवर उडणारी. म्हणजे अजून ती नव्हतीच. होत्या त्या बाल्सा नावाच्या हलक्याफुल लाकडाच्या फळ्या, तारा, दोन चाकं, आणि टेबलापेक्षा मोठा नकाशा.

“आणि जेवायचं कुठं?” बायकोनं विचारलं.

“विमान होईपर्यंत मांडीवर.”

आठ महिने दोघं मांडीवर ताट घेऊन जेवली. तिनं तक्रार केली ती एकदाच, भातात लाकडाचा भुसा निघाला तेव्हा. “आता ह्याचंही वजन करून ठेवा,” ती म्हणाली.

कारण मास्तर प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी तोलायचे आणि पेन्सिलीनं त्याच्यावर आकडा लिहायचे. पण खोक्यातल्या शेपटीवर त्यांचं मन बसेना. ती नुसती सपाट फळी होती. खऱ्या विमानाच्या फोटोत शेपटीच्या फासळ्या दिसत होत्या, फासळ्यांवर ताणलेलं कापड होतं, कापडावर टाक्यांची ओळ होती. मास्तरांनी फळी बाजूला ठेवली आणि फासळ्या कोरल्या. कापड शिवायला बायको बसली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं तिचं ते पहिलं बारीक काम. सहा दुपारी ती खिडकीशी बसून टाके घालत होती, आणि दर फासळीला मोठ्यानं मोजत होती, जणू गेलेलं कुणीतरी एकेक करून घरी परत येत होतं.

नवी शेपूट जुनीपेक्षा पंचवीस ग्रॅमनं जड भरली. मास्तरांनी लगेच नाकात पंचवीस ग्रॅमचं दिखाऊ इंजिन बसवलं. इकडे पंचवीस, तिकडे पंचवीस. मिटलं.

मिटलं नव्हतं. विमान पुरं झालं त्या सोमवारी डॉक्टर बघायला आले. शहराबाहेरच्या माळावर दर रविवारी विमानं उडवणाऱ्यांत त्यांचा हात सगळ्यांत स्थिर. पहिलं उड्डाण तेच करणार होते. त्यांनी वरच्या पंखाखाली, नकाशात तोलाची खूण होती तिथे, दोन बोटांची टोकं लावून विमान उचललं. शेपूट धाडकन खाली गेली.

“मास्तर, हे असं वर गेलं तर तसंच खाली येईल. तुकड्यांत.”

“पण दोन्हीकडे सारखं वजन आहे!”

“सारखं आहे. पण नाक इथून वीतभर, आणि शेपूट त्याच्या तिप्पट लांब.”

मास्तरांनी काचेच्या पेटीतल्या तराजूकडे पाहिलं. कुठलाही तराजू दुरुस्तीला आला की ते पहिल्यांदा काय बघायचे, तर दांडीचे दोन्ही हात सारखे आहेत का. अडतीस वर्षं हात सारखे असलेलं पाहून पाहून, ते सारखे नसतातही, हेच विसरायला झालं होतं.

“नाकात पन्नास ग्रॅम शिसं टाका आणि मोकळे व्हा,” डॉक्टर म्हणाले. “मी नाही का लोकांच्या दातांत भरत?”

तेव्हा मास्तरांनी ते शिशाचं वाक्य म्हटलं.

“मग शेपटीतून सतरा काढा. त्याशिवाय मी रिमोटला हात लावणार नाही. रविवारी येतो.”

सतरा ग्रॅम कुठून काढायचे ते मास्तरांना पाठ होतं. फासळ्या पातळ केल्या तर सहा. उरलेले अकरा म्हणजे बायकोचं कापड, टाके आणि वरचं वार्निश. विमान उडायचं तर तिचं काम फाडायचं. तीन दिवस त्यांनी ते तिच्यापासून लपवलं. येता-जाता दोन बोटांवर विमान उचलायचे आणि खाली ठेवायचे. बाहेर रस्त्यावरचे लोक आपापलं ओझं घेऊन व्यवस्थित चालत होते. कुणाचंच काही मागे झुकत नव्हतं.

गुरुवारी बायकोनं विचारलं, “शेपूट जड झालीय ना?”

“लाकूड जाड घेतलं मी.”

“किती जाड?”

“जाड म्हणजे... जाड.”

“अहो, जन्मात पहिल्यांदा खोटं तोलताय तुम्ही. आकडा सांगा.”

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, “अकरा.”

“माझ्या टाक्यांचे?”

“टाके, कापड, वार्निश मिळून.”

ती जी हसायला लागली, ती खुर्चीचा हात धरून. “सहा दुपारी खपले तर अकरा ग्रॅम! मी म्हटलं, काय बिघडवलं की काय मी.” मग डोळे पुसून म्हणाली, “कात्री आणा. तुमच्यानं होणार नाही. मी शिवलंय, मीच उसवते.”

“अगं, पण पहिलंच काम तुझं...”

“डोळे राहिलेत ना माझ्याकडे? मग झालं तर.”

तिनं उसवलं. मास्तर त्या वेळी गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग दोन दिवस त्यांनी फासळ्या घासून घासून कागदासारख्या पातळ केल्या. कापडाच्या जागी गरम इस्त्रीनं ताणली जाणारी पातळ पापुद्र्यासारखी फिल्म बसवली; तिचे दोन ग्रॅमही फासळ्यांतूनच काढले. शेपूट पुन्हा बोडकी दिसायला लागली. बायकोनं ती उजेडात धरून फिरवून पाहिली.

“पेन्सिलीच्या रेघेचं वजन किती?”

“काट्यावर येत नाही.”

“मग द्या पेन्सिल.” आणि तिनं फासळीफासळीवर टाके काढले, बारीक, सारख्या अंतरावर, ह्या वेळी मनातल्या मनात मोजत.

रविवारी सकाळी डॉक्टर आले ते दारातूनच म्हणाले, “भरलं की नाही शिसं?”

मास्तरांनी विमान त्यांच्यासमोर धरलं. डॉक्टरांनी दोन बोटं लावली. विमान हवेत सरळ राहिलं, मग नाक केसभर खाली झुकलं, हवं होतं तेवढंच. डॉक्टरांनी शेपटीवरून अंगठा फिरवला. टाके हाताला लागेनात तेव्हा वाकून पाहिलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, “वहिनी, माझ्या दवाखान्यात येता का कामाला?”

“आधी ह्यांचं विमान नीट खाली आणा, मग बघू,” ती म्हणाली. “अहो, जिंकलात की! बोला ना काहीतरी.”

मास्तरांनी चपला घातल्या. पंख दारात अडले, म्हणून विमान छातीशी आडवं धरून ते तिरपे झाले, आणि माळाकडे जायला बाहेर पडले.