लाल तेलाची पारख

मोटारीतलं तेल जिभेला लावू नये, हे कुणालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही. बोटभर लाल तेल आधी तळहातावर चोळलं, मग हुंगलं आणि चारचौघांसमोर सरळ जिभेवर ठेवलं. पुढं तीन दिवस चहाला रॉकेलची चव येत होती.

दोष सवयीचा. बीदरात आमचं तेलाचं दुकान. करडी, जवस, तीळ, शेंगा, काहीही येवो. चोळायचं, हुंगायचं, चाखायचं. निंबर्गा गावच्या घाण्याची करडी मी डोळे मिटून ओळखतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्यात माझाही थोडा हात होता.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. जहागिरी गेल्या, पण एका जुन्या जहागीरदारांकडं अमेरिकन मोटार अजून होती. तिचे गिअर हातानं बदलावे लागत नसत, आपोआप बदलत. त्यासाठी गिअरच्या पेटीत एक पातळ, लालभडक तेल घालावं लागे. त्याचे सीलबंद डबे मुंबईहून येत आणि ते सांभाळायचं काम ड्रायव्हरचं. पन्नाशीचा, अबोल माणूस. वीस वर्षं त्याच घरी चाकरीला.

एकाएकी ती मोटार चढाला लागली की जागेवरच गुरगुरायला लागली, पुढं सरकेना. जहागीरदारांना संशय आला, की ड्रायव्हरनं मुंबईचं तेल बाहेर विकलं आणि पेटीत भलतंच काही रंगवून ओतलं. तेल लाल करायला काय लागतं? चिमूटभर रतनजोत टाकली की झालं. निवाड्यासाठी मला बोलावणं आलं. गिअरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण गोष्ट तेलाची म्हटल्यावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

पेटीतलं तेल पितळी वाटीत काढून ठेवलं होतं. जहागीरदार खुर्चीत, मुनीम त्यांच्या मागं, आणि ड्रायव्हर हात बांधून भिंतीशी. मी चाखलं. वरची चव खनिज तेलाची, जळकट. पण तिच्याखाली एक ओळखीचा वास होता. आमच्या धाकटीला डॉक्टरांनी माशाचं तेल दिलं होतं. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी, मासळीला न शिवणारी माणसं, ती बाटली घरात न ठेवता गोठ्यात ठेवली होती आणि मुलीचं नाक धरून पाजायचं काम माझ्याकडं होतं. तो वास मी विसरणं शक्यच नव्हतं.

"ह्यात माशाचं तेल हाय," मी म्हणालो.

जहागीरदारांच्या नातवंडांसाठीही घरात त्याच बाटल्या यायच्या. त्यातली एक मागं सापडत नव्हती, हे मुनिमाला नेमकं तेव्हाच आठवलं. ड्रायव्हर भिंतीपासून दोन पावलं पुढं आला.

"अप्पा, मुंबईचं तेल तुमी याच्या आदी कदी हुंगलाव का? नवा डबा येऊ द्या, त्यो फोडून बघा, मग बोला."

त्याचं म्हणणं रास्त होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, आणि दुकानात गिऱ्हाईक सोडून माझ्याकडं कुणी बघितल्याला बरेच दिवस झाले होते. तेलाचं मला शिकवू नको, असं मी त्याला सुनावलं. जहागीरदारांनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढून घरी बसवलं.

महिन्याभरानं हैदराबादेहून मेकॅनिक नवा डबा घेऊन आला. मीही गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो. त्यानं सील फोडलं. तोच वास. मी चाचरत विचारलं तर तो हसला. म्हणाला, खनिज तेलात देवमाशाची चरबी कंपनीवालेच मिसळतात, त्यामुळं आतल्या तबकड्या धक्का न देता एकमेकींना धरतात. लाल रंग नुसता ओळखीसाठी; खाली गळालं तर इंजिनचं की गिअरचं ते कळावं म्हणून. मग त्यानं मोटारीखाली शिरून एक झिजलेलं रबरी वायसर काढून दाखवलं. तेल तिथून थेंबथेंब गेलं होतं, उरलं ते जळलं होतं. फरशीवर लाल डाग होते. इतके दिवस ते सगळ्यांच्या पायाखाली होते, माझ्याही.

जहागीरदारांनी ऐकून घेतलं. नवा माणूस ठेवलाय, आणि मोटार आता विकायचीच आहे, म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या गल्लीत गेलो. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, की चोरीचा बोल लागल्यावर कुणी मोटारीवर ठेवून घेईना. बायकोला घेऊन अफजलपूरकडं गेला, भीमेकाठी कुणाच्यातरी पाणी उपसायच्या इंजिनावर कामाला आहे.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. जड वाटू नये म्हणून जरा रंगवूनच सांगितलं. तुझा नवरा देवमासा चाखून आलाय, आता स्वामींना बोलावून शुद्ध करून घे, असंही म्हणालो. ती हसली नाही.

"त्या माणसाला सांगितलाव का?"

म्हटलं, कसं सांगणार? अफजलपूर का जवळ आहे? गुलबर्ग्याला बस बदलायची, तिथून पुढं पुन्हा अर्धा दिवस, आणि दुकान कोण बघणार?

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"त्यो गेला तवा त्याला लांब न्हवतं व्हय?" ती म्हणाली.