लाल फौज

नेलपॉलिशचा वास आला की अकोल्यातली आमची शाळा आठवते. सरकीच्या दाण्यांना नेलपॉलिश लावून मी आणि मैत्रिणीने दोन फौजा केल्या होत्या, एक लाल, एक गुलाबी. शाळेत फासे टाकून खेळायच्या लढाईच्या खेळाचा क्लब काढायचाच, असं आमचं ठरलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र फासे पाहिले आणि जप्तच केले. “शाळेत जुगार खेळून राहिल्या काय?” मी रडले नाही. घरोघरी बाया अष्टचंग्याच्या खेळाला घेतात तसे फाशांऐवजी चिंचोके अर्धे फोडले आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्याच टेबलावर खेळ मांडला. “आता तं जुगार नाही ना, मॅडम?” त्यांनी चिंचोके मुठीत खुळखुळवले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “लाल फौज माही.” आता मीही शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली विकतचे फासे आणतात. मी ते जप्त करत नाही. फक्त लाल फौज मागून घेते.